आपल्या वाटणीचं तेवढं बुडवावं

पोरी, आता गल्ल्यावर तू बसणार, तर आधी उधारीचं ऐकून घे. किराणा-भुसाराचं दुकान चोरीने सहसा बसत नाही, ते उधारीने बसतं. आणि दुकानदाराची श्रद्धा किती खरी, हे मी आजवर उधारीच्या वहीतच पाहत आले. हिशेब तुला माझ्याहून चांगला येतो. बी.कॉम. झालीस, जीएसटी तूच भरतेस, त्यातलं मी काही शिकवायला जात नाही. कोणाची बाकी सोडायची, कोणाची शेवटच्या रुपयापर्यंत वसूल करायची आणि ते ठरवताना कोणाचं ऐकायचं, एवढंच माझ्याजवळ आहे. मलाही ते मामंजींनी दिलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी.

कार्तिकात आपण साजगावच्या यात्रेला जातो. बोंबल्या विठोबाची यात्रा. लग्नानंतर पहिल्यांदा गेलीस तेव्हा विठोबाच्या देवळाच्या वाटेवर सुक्या मासळीचे ढीग बघून तू चमकली होतीस, तुझ्या साताऱ्याकडे असं चालत नाही म्हणालीस. इथे चालतं. कोकणातली मासळी आणि घाटावरचा माल यांची गाठ पडायची जागाच ही. बोरघाट उतरलं की खोपोली, आणि खोपोलीला लागून साजगाव. तुकोबांच्या देहूची इंद्रायणी उगम पावते ती लोणावळ्याजवळ, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या डोंगरात. त्या वाटेने तुकोबा मिरच्या विकायला इकडे उतरत, असं या भागातला प्रत्येक म्हातारा सांगतो. महीपतींनी अठराव्या शतकात संतांची चरित्रं लिहिली, त्यांतही तुकोबांच्या कोकणातल्या मिरचीच्या व्यापाराची कथा आहे.

कथा अशी, की तुकोबांनी मिरची लोकांच्या हवाली केली, ज्याने त्याने आपल्या हाताने मोजून घ्यावी म्हणाले. लोकांनी नेली, पैसे काही दिले नाहीत. मग विठोबाच त्यांचा माणूस बनला आणि दारोदार फिरून वसुली करून आला. कीर्तनात हे ऐकून लोक हसतात, डोळेही पुसतात. मामंजी मात्र दुकानदाराच्या कानाने ऐकायचे. त्यांचं म्हणणं, देवाला वसुलीची लाज वाटली नाही, तर तुला का वाटावी? घेतलेल्या मालाचे पैसे मागणं पाप आहे असं ज्याला वाटतं, त्याने दुकान उघडूच नये. भिडेपोटी न मागणारा दुकानदार शेवटी घाऊक व्यापाऱ्याचे पैसे थकवतो, हमालाची मजुरी थकवतो. त्याच्या चांगुलपणाची किंमत दुसरेच भरतात.

तुकोबांची दुसरी गोष्ट तुला ठाऊक आहे, शाळेपासून सगळ्यांना ठाऊक असते. घराणं महाजनांचं, देहूच्या पेठेत मान, घरात पिढीजात सावकारी. 1630 च्या सुमाराचा मोठा दुष्काळ आला, त्यात दुकान बसलं, बायको गेली, मूल गेलं. पुढे त्यांनी लोकांच्या कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली. इथपर्यंत सगळे सांगतात आणि थांबतात. मामंजी पुढचं सांगायचे. बुडवण्याआधी खतांच्या वाटण्या झाल्या होत्या. अर्धी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली. तुकोबांनी बुडवली ती आपल्या वाटणीची. भावाच्या संसाराचा आधार त्यांनी आपल्या वैराग्यासाठी पाण्यात टाकला नाही.

दोन भावांच्या, दोन चुलींच्या दुकानाला याहून मोठी शिकवण मला कुठे सापडली नाही. उदार व्हायचं ते आपल्या वाटणीत. तुझ्या नवऱ्याने उद्या कुणावर दया येऊन वीस हजार सोडले, तर त्यातले दहा तुझ्या दिराचे आहेत. ते सोडायचा हक्क त्याला नाही, मग मनात कितीही पुण्य असो.

हे नुसतं कीर्तनातलं राहिलं नाही, ते सांगते. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. आपल्या तालुक्यातल्या, कर्जतकडच्या, पार पोलादपूरपर्यंतच्या कितीतरी घरांची चूल गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरवर पेटायची. आधी लोकांना वाटलं दोन महिन्यांत मिटेल. आपल्या वहीत नावं वाढत गेली, आकडे वाढत गेले. आगोट आली तेव्हा तांदूळ, डाळ, मीठ, सुकी मासळी भरून ठेवायला माणसं आली आणि हातात काही नाही. मामंजींनी तो पावसाळा सगळ्यांना माल दिला. संप संपला असं कुणी कधी म्हटलंच नाही, गिरण्याच बंद पडत गेल्या आणि बरेचजण कायमचे गावी परतले. मग दोघे भाऊ वही घेऊन बसले.

मामंजींना सगळं सोडायचं होतं. त्यांच्या भावाला नव्हतं, त्याच्या दोन मुलींची लग्नं व्हायची होती. भांडण झालं नाही. मामंजींनी प्रत्येक नावासमोरची रक्कम अर्धी केली, आपल्या अर्ध्यावर काट मारली, सही केली. उरलेली अर्धी भावाची. भावाने व्याज लावलं नाही, घाईही केली नाही, पण सोडलंही नाही. कुणी भाताच्या रूपाने फेडलं, कुणी छपराचं काम करून दिलं, कुणी कधीच दिलं नाही. वसूल व्हायला वर्षं लागली. पण ते दोघे मरेपर्यंत एका ताटात जेवले, आणि दुकानाची वाटणी झाली नाही. सोडणाऱ्याने न सोडणाऱ्याला कमी लेखलं नाही म्हणून हे झालं. घरात एक धार्मिक आणि एक व्यवहारी असे दोन भाऊ असले की धार्मिकाला आपण वरचढ आहोत असं वाटायला लागतं, दुकानं तिथे फुटतात. तुमच्यात तसं होऊ देऊ नकोस. दीर कधी देवळात येत नाही म्हणून त्याचा शब्द हलका समजू नकोस.

त्याच वहीत एक गृहस्थ होते, चालू कंपनीत नोकरीला. संपाशी त्यांचा काही संबंध नव्हता, तरी त्याच्या आडून त्यांनीही द्यायचं थांबवलं, आणि त्याच वर्षी घरावर माडी चढवली. त्यांचे मामंजींनी पूर्ण घेतले. कसे घेतले ते शिकून घे. दर रविवारी त्यांच्या घरी जायचे. चहा घ्यायचा, पावसापाण्याचं बोलायचं, उठताना आकडा सांगायचा. बाजारात भेटले तर अवाक्षर नाही, यात्रेत भेटले तर हात जोडून रामराम. त्यांच्या बायको-मुलांसमोर कधी नाही, आणि मुलाच्या हाती निरोप तर नाहीच नाही. लग्नघर आणि सुतकाचं घर सोडून द्यायचं. असे बरेच रविवार गेले, आणि एका रविवारी त्यांनी पैसे काढून ठेवले. नातं तुटलं नाही, त्यांची नातवंडं आजही आपल्याकडून माल नेतात.

कायद्याचंही ध्यानात ठेव. विकलेल्या मालाच्या पैशासाठी कोर्टात जायची मुदत तीन वर्षं. त्या मुदतीत माणसाने बाकी कबूल करून सही दिली, तर तिथून तीन वर्षं पुन्हा मोजतात. म्हणून दिवाळीत वहीपूजनाच्या आधी मोठ्या बाक्यांवर सह्या घे. पेढा दे आणि सही घे. कोर्टात जायची वेळ आपल्यावर आली नाही, पण सही केलेल्या माणसाला आकडा आठवत राहतो, आणि कुणी वारलं तरी दोन्हीकडच्या मुलांत वाद होत नाही. रोख पैसे मात्र व्याजाने कुणाला देऊ नकोस. परवान्याशिवाय सावकारी हा 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी नको म्हटलं असतं.

आता कातकरी वाड्यांवरच्या माणसांचं. ती दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. जाताना मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती उचल फिटता फिटत नाही. श्रावणात हाताला काम नसतं तेव्हा आपल्याकडे खावटीला येतात. मुकादम तुला सांगेल, त्यांची बाकी मी परस्पर देतो, तुम्ही आकडा सांगा. सोय वाटेल तुला. घेऊ नकोस. तो आकडा त्यांच्या उचलीत चढतो आणि कसा चढला ते त्यांना कळत नाही. त्यांच्या हातात पैसे आले की त्यांच्या हातून घे. उशीर होईल, काही बुडेल. त्या खात्यात आपण वर्षाला किती बुडू देणार, ते दोन्ही भावांनी चैत्रात ठरवायचं आणि तेवढ्यावर थांबायचं, ही रीत आहे. वाचता येत नाही अशा माणसाला रक्कम मोठ्याने सांगायची, दोनदा, आणि त्याच्याकडून वदवून घ्यायची.

मालाच्या भावाबद्दल मामंजींचा हट्टच होता. लहान पोर पाठवलं तरी तोच भाव, सरपंच आले तरी तोच. आपल्याला हे आपल्याच घरचं वाटायचं. तुझ्या नवऱ्याने मला एकदा वाचून दाखवलं, की तुकोबांच्याच शतकात इंग्लंडात क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यांनी घासाघीस सोडून एकच भाव सांगायला सुरुवात केली होती. जॉर्ज फॉक्स हा त्यांचा गुरू. खोटा भाव सांगून उतरवणं म्हणजे खोटं बोलणं, असं त्याचं म्हणणं. आधी गिऱ्हाइकं तुटली, मग लोकांना कळलं की इथे मूल पाठवलं तरी फसवत नाहीत, आणि रांग लागली. त्यांच्यात कुणी देणी बुडवून दिवाळं काढलं तर पंथातून बाहेर काढायचे. देणं फेडणं हा त्यांना धर्माचाच भाग वाटे. कुठली माणसं, कुठला देव, पण मामंजी त्यांच्या शेजारी बसून चहा प्यायले असते.

महडच्या वरदविनायकाला चतुर्थीला गर्दी होते, अंगारकीला तर रस्ता दिसत नाही. त्या दिवशी आपल्या दुकानात नारळाचा, पाण्याच्या बाटलीचा भाव चढत नाही. छापील किमतीवर एक रुपया जास्त घेणं कायद्याने चूक आहेच. पण देवाच्या वाटेवर तहानलेल्याला अडवून घेतलेला रुपया घरात नको, हे कारण मला जास्त पटतं. त्या देवळात गाभाऱ्यात जाऊन आपल्या हाताने पूजा करता येते, मध्ये कुणी नाही. 1725 मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी ते बांधलं, आणि आतला नंदादीप 1892 पासून अखंड आहे असं सांगतात. इतक्या वर्षांत त्याला एकाच माणसाने तेल घातलेलं नाही, पाळी लागलेली असणार. दुकानाचंही तसं ठेव. तू आजारी पडलीस तर काटा कोण बघेल, वही कोण लिहील, याची माणसं आजच तयार कर. माझ्यावाचून चालत नाही, यात मोठेपणा मानू नकोस.

काट्याचं आलंच आहे तर, इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी असते. शिक्क्याची तारीख भिंतीवर लिहून ठेव, निरीक्षक यायची वाट बघू नकोस.

तांदळाचं सांगते ते माझ्या माहेरचं, कर्जतकडचं. तिथे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे. कर्जत-2, कर्जत-3, कर्जत-7, कर्जत-184 ही वाणं तिथलीच. आता शनिवार-रविवारी फार्महाऊसवर येणारी माणसं वाडा कोलम मागतात. त्याला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो पालघरकडचा तांदूळ. कुणी सुचवेल, बारीक आहे, त्याच नावाने द्या, शहरातल्यांना काय कळतंय. आपल्या गोणीवर कर्जतच लिहायचं. तो शेतकरी तुझ्या दारात भात आणून घालतो, त्याचं नाव पुसून दुसऱ्याचं लावायचा तुला अधिकार नाही. भात घेताना मुठीत धर, दाणा दातांखाली फोड. कटकन तुटला तर वाळलेला, दबला तर ओला. हे मला आपल्या दुकानातल्या जुन्या हमालाने शिकवलं. मी त्यांना गुरुस्थानी मानलं, आणि दर गुरुपौर्णिमेला त्यांच्या पाया पडले. सासूबाईंना आवडलं नव्हतं. मामंजी म्हणाले, तिने बरोबर केलं.

धंदा चढतीला असताना नियत सांभाळणं सोपं. 2002 मध्ये एक्स्प्रेस-वे पूर्ण सुरू झाला आणि जुन्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या एकदम रोडावल्या. वाटेवर थांबणारं गिऱ्हाईक गेलं. त्या दोन-तीन वर्षांत आसपास मी बघितलं, डाळीत खडे वाढले, मिरची-पावडरीचा रंग बदलला. माणसं वाईट नव्हती, घाबरलेली होती. आमच्याही घरी एका रात्री तशी बोलणी झाली. त्यावर ह्यांनी खर्च कापला, एक गाळा सोडला, जुना टेम्पो घेऊन वाड्या-पाड्यांवर माल पोचवायला सुरुवात केली. घाबरशील तेव्हा आधी खर्चाकडे बघ, मालाकडे हात नेऊ नकोस.

आता जमिनी विकल्या जात आहेत. कालपर्यंत उधारी करणाऱ्याकडे आज लाखो रुपये आहेत, आणि तो तुझ्याकडे येईल. म्हणेल, वहिनी, तुमचं घर माळकरी, तुमच्यावर विश्वास, हे ठेवा तुमच्याकडे, काय द्यायचं ते द्या. नम्रपणे नाही म्हण, त्याला बँकेत घेऊन जा, लागलं तर अर्ज भरून दे. अशा ठेवी घ्यायला 2019 च्या कायद्याने बंदी आहे. त्याहीपेक्षा, विठोबावरचा विश्वास तो तुझ्या नावावर जमा करतोय. तो तुझा नाही. तू तो वापरलास आणि धंद्यात खोट आली, तर माणूस पैशालाही मुकतो आणि देवालाही.

म्हणून माळ बघून उधार देऊ नकोस आणि माळ दाखवून उधार मागू नकोस. आपल्या रायगडात रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकाऱ्यांच्या श्रीबैठकीने कितीतरी घरांतली दारू सुटली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अशा घराची बाकी हळूहळू फिटते, तेही पाहिलंय. तरी बैठकीला जातो म्हणून खातं उघडायचं, असं नाही. माणसाचं मागचं वागणं बघायचं.

दानधर्माचा क्रम लक्षात ठेव. सप्ताहाची पंगत आपल्याकडे असते. त्या आठवड्यात हमालांची मजुरी, टेम्पोवाल्याचं भाडं, घाऊक व्यापाऱ्याचा हप्ता आधी चुकता करायचा, मगच पंगतीचा शिधा काढायचा. मजुरी थकवून घातलेलं जेवण मजुराच्या पैशाचं असतं. आणि वर्गणीच्या पावतीवर दुकानाचं नाव नको, घरातल्या माणसाचं घाल. दुकानाच्या नावाने दिलं की मनात जाहिरात येते.

राहिलं कोणाचं ऐकायचं ते. मामंजींचे एक स्नेही होते, खोपोलीतले बोहरी व्यापारी. त्यांच्या समाजात बिनव्याजी कर्ज द्यायची रीत आहे, कर्ज-ए-हसना म्हणतात. अडचणीच्या वर्षी त्यांनी मामंजींना तसे पैसे दिले, आणि सोबत एक अट घातली, की दर महिन्याला वही दाखवायची. मामंजी सांगायचे, पैशाने तगलो, पण सुधारलो ते वही दाखवल्याने. सल्ला देणारा असा बघ, की तुझ्या होकारात त्याचा काही फायदा नाही, ज्याने स्वतः तोटा सोसलाय आणि जो तुझी वही मागतो. गोड बोलून उत्साह चढवणारी माणसं आता हॉटेलांत शिबिरं घेतात. एखादं बघून ये, पण तुझी वही त्यांनी पाहिलेली नसते. बुवा-महाराजांकडे मनाच्या शांतीसाठी जा. जागा घेऊ का, गाळा सोडू का, हे त्यांना विचारू नकोस. सांगितलं आणि चुकलं तर तुझी श्रद्धाही जाईल, त्यांचा काही दोष नसताना.

वर्षातून एकदा तरी अशा माणसासमोर वही उघडून बस आणि तो बोलेल ते कापून न टाकता ऐक. मालाचं आणि माणसांचं असेल तर मी आहे तोवर मला विचार. कराचं त्या पनवेलच्या सीए बाईंना विचार, मला त्यातलं कळत नाही. भाताचं माझ्या भावाला. आणि बाकी सोडायची असेल तर कुणालाही विचारण्याआधी दिराला विचार, त्याने नाही म्हटलं तर आपल्या अर्ध्यावर काट मारून उरलेला आकडा त्याच्या नावाने नीट लिहून ठेव.